पुलावरची खडी

१० जानेवारी, शनि.
फळी मिळाली. मरोळच्या वर्कशॉपमधून, जिथे बिल्डर लोकांच्या इमारतींची मॉडेलं बनवायचे मी. पाच महिन्यांत सोडलेली नोकरी, तरी मॅडमनी भंगारातली पांढरी प्लॅस्टिक शीट पण दिली. वर म्हणाल्या, "नीलू, हे तरी पूर्ण कर." बारावी, शिवणक्लास, टॅटूचं शिकणं, सगळं अर्धवट. बरं, बोलायला जागा आहे त्यांना.
सरळ भांडुपला यायचं तर मधेच वाकोल्याला. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात दीड तास, फळी बगलेत. दुकानदार म्हणतो, मॅडम, मासा घेणार की फळी विकणार?

११ जाने.
कामाला लागण्याआधी लिहून ठेवते, नाहीतर विसरेन का हो म्हणाले ते.
शेजारचे आप्पा रेल्वेत चावीवाले होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा नि पाना, रुळांतून चालत जायचं, रूळ धरून ठेवणारी चावी सैल दिसली की ठोकायची. गावाकडचा एकच पट्टा, वर्षानुवर्षं, मधे नदीवरचा लोखंडी पूल. रिटायर झाल्यावर इथे, मुलाकडे. आता गुडघे गेले. २२ फेब्रु.ला ते नि काकी कायमचे गावी, आणि पूल सोबत न्यायचाय, मॉडेल करून. खेळण्यातला नको, तोच. इंजिन, तीन डबे नि रूळ आणून ठेवलेत, रोज पुसतात. पुलाचा फोटो एकच, नदीतून काढलेला, धुरकट.
मी म्हणाले, मी करते. तोंडातून गेलं.
काकी: "तुका जमतला गो? तू भाकरी पण अर्धी थापून उठतंस."

१६ जाने.
गर्डर, म्हणजे पुलाच्या लांब तुळया. शीट कापून लांब पट्ट्या, त्यावर उभ्या बारीक पट्ट्या. रिव्हेट कसे दाखवायचे यावर दोन दिवस अडले. शेवटी कंपासचं टोक बोथट करून मागून दाबलं. पुढे बारीक फुगवटा येतो. झकास. एका गर्डरला चारशेच्या वर असतील, मोजायचं सोडलं. हात आपोआप चालतो, डोकं कुठेही फिरून येतं. हे आवडलं.

२१ जाने.
आप्पा-काकी पंधरा दिवसांसाठी गावी गेले, घर शाकारायला. जाताना आप्पा दारात दोनदा थांबले, सांगायचं काहीतरी राहिलंय तसे. मग "कर तू" एवढंच.
दगडी खांब झाले. प्लास्टर ओतून, सुकल्यावर सुईने दगडांच्या रेघा. फळीवर नदीसुद्धा आहे, अजून कोरडी.
रेश्माचा मेसेज. डोंगरातल्या कँपवर माणूस हवाय, पूर्ण सीझन. १५ फेब्रु.पर्यंत पोचायचं. मागच्या वर्षी तिच्याबरोबर होते तेव्हाचे फोटो पाठवले चार. नालायक.

२४ जाने.
खडी. समोरच्या बांधकामावरची बारीक कच पिशवीभर आणली. पिठाच्या चाळणीतून चाळली, मग काकींच्या चहाच्या गाळणीतून. गाळणीत अडकली ती खरी खडी, खाली पडली ती धूळ. धुऊन गच्चीत वाळत घातली. आईचे पापड एका बाजूला, माझी खडी दुसऱ्या. आई म्हणाली, कावळ्यांना यातलं काय न्यायचं ते समजतं, तुला नाही.

२७ जाने.
वाट लागली. रुळांत खडी पसरली, ब्रशने नीट केली, वरून पातळ गोंदाचे थेंब. थेंब आत जाईचना. गोळी होऊन खडीवर बसला, मग खडीच उचलून घेऊन लोळला. खड्डेच खड्डे.

२८ जाने.
युक्ती सापडली. आधी पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, ते स्प्रेने मारायचं. खडी ओली झाली की गोंद तिच्यात शिरतो. कानात औषध घालायच्या ड्रॉपरने, थेंब थेंब. दुपारभर एवढंच केलं. उठून कुठे गेले नाही. फोन दुसऱ्या खोलीत होता हे पण संध्याकाळी लक्षात आलं.

१ फेब्रु.
फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खडी झाली. पुलावर टिकत नव्हती, म्हणून गर्डरवर आधी सपाट पट्टी बसवली, बाजूला बारीक कठडा, मग खडी. तो भाग सगळ्यात सुबक आलाय. आईने शेजारणींना बोलावून दाखवला.

५ फेब्रु.
आप्पा आले. चहा न पिता थेट इकडे. बराच वेळ बघत होते. रिव्हेटवर बोट फिरवलं, हसले. मग पुलाच्या मध्यावर बोट थांबलं.
"चेडवा, ही खडी कित्याक?"
"रुळांखाली असते ना."
"जमनीर असता. ह्या पुलार नाय. रुळांखालचे लाकडी स्लीपर थेट गर्डरवर. मधसून खाली पाणी दिसता."
मला वाटलं चेष्टा करतायत. म्हणाले, गाडी पुलावर आली की आवाज बदलतो, ऐकलायस ना? खाली खडी नाही म्हणून बदलतो.
लहानपणापासून दर मे महिन्यात गावी जाताना त्या आवाजाने जागी होते मी. कधी विचारच केला नाही.
आप्पा म्हणाले, असूदे, चांगला झालाहा, तसाच नेतो. काकी त्यांच्याकडे बघत होत्या.

६ फेब्रु.
रेश्माला लिहिलं, येते. पाठवलं नाही.
सबंध दिवस मुलुंडला भटकले. एका माणसाकडून सायकलचं पंक्चर काढायला शिकले. माझ्याकडे सायकल नाही.

७ फेब्रु.
"तसाच नेतो" डोक्यातून जात नाही. एवढ्या वर्षांत आप्पांनी एक सैल चावी तशीच सोडली असेल का.

८ फेब्रु.
गरम पाण्यात फडकं भिजवून पुलावर ठेवलं. दहा मिनिटांनी गोंद दुधासारखा पांढरा झाला. जुन्या टूथब्रशने खडी सुटली. पट्टी, कठडा, सगळं काढलं. वाईट वाटेल असं वाटलेलं. उलट मजा आली.
काकी डोकावल्या. "माझी गाळणी तुझ्याकडे आसा?"
"धुऊन देते काकी."
"नको. ती आता रेल्वेचीच."

११ फेब्रु.
पुलावरचे स्लीपर. बांबूच्या काड्या कापून, काळ्या-तपकिरी शाईत बुडवून. आप्पा खुर्ची टाकून बसतात नि सांगतात. जमिनीवरच्यापेक्षा जवळजवळ. जाड. मधे आणखी दोन रूळ, गाडी घसरलीच तर नदीत जाऊ नये म्हणून. एक काडी वाकडी बसली, मी तशीच सोडली. "सातवो," म्हणाले. चष्मा घरी विसरून आले होते.
नदीत पाणी भरलं, पारदर्शक चिकट द्रव असतो तो. स्लीपरच्या फटीतून खाली खरंच दिसतं.

१३ फेब्रु., शुक्र.
संपलं. असं वाटलं.
गर्डरला चंदेरी रंग, सांध्यांवर गंज. रूळ कापसाने पुसले. दुपारी आप्पा-काकी, आई, सगळे जमले. इंजिन पुलाच्या अलीकडे उभं केलं, हात बटणावर.
आप्पा म्हणाले, "थांब."
वाकून पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मग एकदम साधं, जसं विचारतात तसं:
"गाडी इली तर मी खंय उभो रवू?"
कोणाला समजलं नाही. मग सांगितलं. पुलाच्या बाजूला, गर्डरबाहेर, छोटे पिंजरे असतात. चावीवाला पुलावर असताना गाडी आली की त्यात शिरायचं, कठडा धरून. आलटून पालटून, एक या अंगाला, एक त्या. एकदा पावसात त्यांचा पाय घसरला होता, पिंजरा हाताला लागला म्हणून... काकी पदराने इंजिनावरची नसलेली धूळ पुसत होत्या.
"करते," मी म्हणाले. "तोवर एकदा गाडी चालवून तर बघू?"
"नको," आप्पा म्हणाले. "माणूस आसा पुलार."
सगळे चहाला गेले. मी पिंजऱ्यांसाठी नखाएवढे चार चौकोन कापून ठेवलेत. कठडा कशाचा करायचा, तारेचा की नायलॉनच्या दोऱ्याचा, ठरत नाही. रेश्माचे तीन मिस्ड कॉल. उद्या निघाले तर १५ पर्यंत कँपवर पोचता येतं.
तारेचा करून बघते आधी.