पिंपळझरीला पाणी कुठवर येतं

पिंपळझरी, ता. केळापूर
रविवार, २० जानेवारी २००८

प्रिय बाबा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. पिंपळझरी तलावावरचा पहिला पक्षी महोत्सव १२ आणि १३ जानेवारीला झाला.
२. त्यासाठी तलाव भरलेला दिसावा म्हणून कालव्याला पाणी सोडायची नोव्हेंबरची पाळी मी पुढे ढकलली होती. ती माझी चूक होती.
३. २२ डिसेंबरला पक्षी मोजले. पट्टकदंब, म्हणजे ज्या हंसांसाठी हा सगळा खटाटोप होता ते, शून्य.
४. २४ डिसेंबरला तलावाचा दरवाजा उघडला.
५. १० जानेवारीला सकाळी सव्वासातला हंस उतरले. एकशे अठरा.
६. दोन दिवसांत सहाशेच्या वर माणसं येऊन गेली.
७. इथल्या कांताबाईंनी तुम्हाला रविवारी, १७ फेब्रुवारीला जेवायला बोलावलं आहे.

पहिले सहा मुद्दे सातव्यासाठी लिहिले आहेत. तुम्ही येणार की नाही, हे मला कळायला हवं. पिंपळझरीचं नाव निघालं की तुम्ही फोन आईच्या हातात देता, आणि मीही तो देऊ देते. म्हणून पत्र.

महोत्सवाची कल्पना धर्मपाल मास्तरांची. ते इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि कांताबाईंचे थोरले चिरंजीव आहेत. दहा वर्षं ते पोरांना घेऊन या तलावावरचे पक्षी वहीत मांडत आहेत. गेल्या जुलैत ते पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात माझ्याकडे आले आणि म्हणाले की दोन वर्षांत आमच्या गावात बाहेरची गाडी शिरली की बाया दारात येऊन एकच विचारतात, कोणाच्या घरी? चौकशीवाले, वर्तमानपत्रवाले, पाहणी पथक. कापसापायी गावातली माणसं गेली ती गेलीच, पण गावाची ओळखही तेवढीच उरली. एकदा तरी गाड्या दुसऱ्या कशासाठी याव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती. मी तांत्रिक बाजू पाहीन, असं सांगितलं. पार्किंग, पिण्याचं पाणी, तलावाच्या बांधावरून चालायची सोय. तलावाची पातळी राखणं हेही मी त्याच यादीत लिहिलं.

माझा विचार सरळ होता. पाणपक्षी, म्हणजे पाणी. जास्त पाणी, जास्त पक्षी. परतीचा पाऊस चांगला झाल्यामुळे खालच्या शेतांत ओल होती, म्हणून पाळी जानेवारीच्या मध्यापर्यंत पुढे गेली तर चालेल, असं कालव्यावरचे शेतकरीही म्हणाले. तसं मी लेखी घेतलं. विचारायचं राहिलं ते तलावाच्या वरच्या अंगाच्या नऊ घरांना. त्यांची शेती पाणी उतरतं तेव्हा उघडी पडते. नोव्हेंबरच्या शेवटी गाळात ते हरभरा पेरतात, मग सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, वाळकं, टरबुजं. त्याला इथे गाळपेर म्हणतात. माझ्या पाणीवाटपाच्या तक्त्यात गाळपेरीला रकाना नाही. रकाना नाही म्हणून ती माणसं माझ्या डोक्यातही आली नाहीत.

बावीस तारखेच्या मोजणीनंतर त्या नऊ घरांतल्याच कांताबाई मास्तरांसोबत ऑफिसात आल्या. साठीच्या आहेत, बारीक अंगाच्या, बोलताना समोरच्याच्या हातांकडे पाहतात. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, तुमी पाणी धरून ठेवलं. आता पाखरं कुठं उतरतीन? तुमच्या टेबलावर?" मी म्हटलं, तलाव पूर्ण भरलेला आहे, पक्ष्यांना जागाच जागा आहे. त्यांनी धर्मपाल मास्तरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काय शिकोलं रे इले?" मास्तर भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

मग त्या मला तलावावर घेऊन गेल्या. त्यांनी जे दाखवलं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकातलं वाटेल इतकं स्पष्ट होतं, फक्त मी ते कधी वाचलेलं नव्हतं. हे हंस हिमालय ओलांडून येतात ते आपलं पाणी प्यायला नाही. ते चरतात. पाणी मागे सरकलं की ओल्या काठावर जे कोवळं गवत उगवतं ते, आणि गाळपेरीचे कोंब. बदकांनाही गुडघाभर पाणी आणि चिखल लागतो. काठोकाठ भरलेला तलाव त्यांच्या दृष्टीने बंद खानावळ. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात थवा आला होता, तीन फेऱ्या मारून दक्षिणेकडे निघून गेला, हे त्या नऊ घरांतल्या प्रत्येकाने पाहिलं होतं. मी ऑफिसात आमंत्रणपत्रिकेचं प्रूफ तपासत होते.

पाण्याला लागून असलेला शेवटचा तास, म्हणजे पेरणीची शेवटची ओळ, ही माणसं दाट पेरतात आणि त्यावर राखण ठेवत नाहीत. तो पाखरांचा. मला वाटलं, ही काहीतरी श्रद्धा असेल. कांताबाई म्हणाल्या, "श्रद्धा नाई बाप्पा. खाली पोट भरलं त वर कायले येतीन?" तुम्हाला हे उत्तर आवडलं असतं.

चोवीसच्या सकाळी मी त्या नऊ घरांतल्या लोकांना शाळेत बोलावलं आणि उभं राहून सांगितलं की पाळी मी पुढे ढकलली, तुम्हाला विचारलं नाही, तुमचा हरभरा माझ्यामुळे गेला, चूक माझी आहे. रात्रभर वाक्यं जुळवली होती. एकूण चार होती. मागून हंसाबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, "मंग आता दरवाजा खोलता का अजून भाषण हाये?" सगळे हसले. मीही हसले असेन, कारण धर्मपाल मास्तरांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं.

पाणी दिवसाला सहा-सात सेंटिमीटर उतरत होतं. मी रोज सकाळी पातळी वाचत होते आणि आकडा शाळेच्या फळ्यावर लिहीत होते. दोन जानेवारीला पाण्यातल्या जुन्या विहिरीचं तोंड वर आलं. गाळाने सगळे बांध बुजतात, म्हणून ही माणसं दरवर्षी त्या विहिरीपासून दोरी धरून आपापले पट्टे पुन्हा आखतात. दोरीला कापडाच्या गाठी आहेत, अंतर मी टेपने तपासलं. शंभर मीटरला नऊ सेंटिमीटरचा फरक. भांडण कधीच होत नाही असं नाही. यंदा हंसाबाई आणि तिच्या दिरामध्ये चांगली पाऊण तास जुंपली, आणि शेवटी दोघांनी मिळून मला सुनावलं की टेप घेऊन मध्ये कायले आल्या. हरभऱ्याची वेळ गेलीच होती. त्यांनी सांभार आणि टरबूज लावलं. शेवटचा तास मात्र हरभऱ्याचाच ठेवला, लवकर कोंब येतात म्हणून.

दहा तारखेचं सविस्तर लिहिणार नाही. मी काठावर होते, थंडी होती, आधी आवाज आला. उतरताना ते पंख अर्धे मिटून आडवे-तिडवे घसरतात, इतक्या लांबून आलेल्या पक्ष्यांना न शोभणारं. डोक्यावरचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होते. मी तीनदा मोजले. एकशे सोळा, एकशे अठरा, एकशे अठरा.

महोत्सव बरा झाला. लपून पाहायला गावाने पऱ्हाट्यांचे आडोसे उभे केले होते. यंदा बऱ्याच जणांनी कापूस कमी करून सोयाबीन पेरलं, तरी पऱ्हाट्यांना तोटा नव्हता. यवतमाळहून शाळेच्या दोन बस आल्या, नागपूरचे पक्षीमित्र आले, हैद्राबादहून पाच जण. बायांनी भाकरी, झुणका आणि ठेचा केला होता, तो पहिल्या दिवशी दीड वाजताच संपला. दुर्बिणी कमी पडल्या, म्हणून मी ऑफिसातला पातळी मोजायचा जुना डंपी लेव्हल तिपाईवर लावून दिला. त्यात सगळं उलटं दिसतं, हे तुम्हाला सांगायला नको. पोरांनी रांग लावली. आकाश खाली, पाणी वर आणि त्यावर पाय वर करून चरणारे हंस. रामलालच्या चहाच्या टपरीसमोर गाड्या मोजल्या, त्रेसष्ट. रामलाल गाळणी हातात धरून रस्त्याकडे पाहत उभा होता. म्हणाला, "एवढ्या गाड्या आल्या, अन् गावात कोणी मेलं नाई." मग त्याने विचारलं, साखर कमी टाकू का.

आई विचारेल म्हणून लिहिते, मी व्यवस्थित जेवते आहे. पांढरकवड्याच्या खोलीवर आठवड्यातून दोन दिवस असते, बाकी इथेच शाळेमागे. बरं चाललं आहे. खरं तर नोकरीला लागल्यापासून इतकं बरं प्रथमच चाललं आहे.

तेराच्या संध्याकाळी सगळे गेल्यावर कांताबाई आणि मी वरच्या अंगाला बसलो होतो. तिथे तुम्ही १९८३ साली लावलेला सीमादगड आहे, म्हणजे पूर्ण भरल्यावर पाणी जिथे थांबायला हवं ती रेषा. पाणी त्याच्यापुढे जातं. त्या नऊ घरांची चौदा एकर जमीन त्या रेषेबाहेर होती, म्हणून आधी घेतली नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात ती पाण्याखाली गेली. ती कागदावर तलावाची व्हायला, म्हणजे मोबदला मिळायला, पुढे चार वर्षं लागली. हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत नसेल ते असं. कांताबाई म्हणाल्या, "दगड लावला तवाच माह्या सासऱ्यानं सांगतलं होतं, सायेब, पाणी अठी नाई थांबत. पुराची काडी-कचरा कुठवर लागते ते आमी पायलं हाये. देवपुजारी सायेबानं वही पायली अन् म्हणे, वहीत बरोबर हाये." मग माझ्या हातांकडे पाहत म्हणाल्या, "तुले वाटलं, आमाले तुहं आडनाव वाचता येत नाई?" त्यांनी मला पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. दीड वर्ष त्या मला मॅडम म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्याशी एकेरीत बोलल्या. मी विचारलं, राग नाही आला? "आलता ना. लई वर्सं होता. पण चुकला तो मानूस पुन्हा तोंड दाखवाले आला नाई, त्याचा जास्त आला. आण त्याले एक दिवस. जेवीन, पाखरं पाहीन, अन् आमी काय पेरतो ते पाहीन." माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी तसं लिहिणार नाही.

आता जे मी तुम्हाला सांगितलेलं नाही ते. ही जागा मला नशिबाने मिळाली, असं मी घरी सांगितलं होतं. ते खोटं आहे. मी ती मागून घेतली. लहानपणी आदिलाबादला मावशीकडे जाताना आपण पांढरकवड्याचा सरळ रस्ता सोडून वणीवरून का जायचो, हे मला कळत नव्हतं. आई एवढंच म्हणायची की तुझे बाबा आधी असे नव्हते, प्रत्येक गोष्ट तीनदा तपासणारे. जून २००६ मध्ये इथल्या ऑफिसच्या कपाटात मला तुमची लेव्हलची वही सापडली. त्या दगडाच्या नोंदीसमोर पेन्सिलने तुमच्या अक्षरात लिहिलं आहे: ०.६२ मीटरचा फरक, तपासणे. खाली तारीख नाही आणि पुढे काही नाही. म्हणजे शंका तुम्हाला आली होती. ती वही एकोणीस महिने माझ्याकडे आहे, आणि या वेळात मी सुट्टीला अकरा वेळा घरी आले, तुमच्यासमोर जेवले आणि काही बोलले नाही. महोत्सवाची पत्रिकाही तुम्हाला पाठवली नाही. तुम्ही येणार नाही, असं मी ठरवून टाकलं होतं, जसं पाणी कमी झालं तर पक्षी येणार नाहीत असं ठरवलं होतं. मग मी स्वतः नऊ घरांसमोर उभी राहिले आणि चार वाक्यं बोलले. बाबा, ते जमतं. पुढे कोणीतरी विचारतं की दरवाजा कधी उघडता, आणि कामाला लागता येतं. तुम्ही मे महिन्यात निवृत्त होणार. त्यानंतर तुम्ही इथे आलात तर नुसते सदाशिवराव म्हणून याल. तुम्ही साहेब असतानाच यावं, असं मला वाटतं. हंस मार्चच्या पहिल्या आठवड्यात जातात. मी तुमच्या शेजारी बसेन, पण बोलायचं तुम्हाला. कांताबाईंना १७ तारखेची तयारी करायची आहे, आणि त्यांना मी तोंडी अंदाज सांगणार नाही. हो किंवा नाही, रविवार, १० फेब्रुवारीपर्यंत मला लेखी कळवा.

तुमचीच,
आभा