छापा आला तर आत

२६ नोव्हेंबर २०१८
दिवाळीची सुट्टी संपली. नवे संकल्प: चहा दिवसातून दोनदाच. दहावीचं संभाव्यतेचं प्रकरण खडू-फळा बाजूला ठेवून प्रत्यक्ष प्रयोगांतून शिकवायचं. आणि या डायरीत खोटं लिहायचं नाही, कारण ती माझ्याशिवाय कोणी वाचत नाही.

सुट्टीत जमीन दोन-तीनदा हलली. इथे डहाणूत नुसती भांडी वाजली, शाळेकडे म्हणजे तलासरीच्या बाजूला जास्त. लोक उगाच घाबरलेत. मी नाही. आजपासून खाट अंगणात टाकली आहे, ती पंख्याच्या आवाजामुळे. शितल म्हणाली, थंडीत पंखा लावतंय कोण? बायकोला प्रत्येक गोष्ट समजावत बसायला मला वेळ नाही.

१ डिसेंबर
शाळा मैदानात भरते. हेडसरांचा आदेश, धक्के थांबेपर्यंत वर्गात कोणी बसायचं नाही. माणूस मूळचाच भित्रा.

पहिला प्रयोग, नाणेफेक. निम्मी नाणी गवतात गेली, उरलेला तास ती शोधण्यात. नमुना अवकाश म्हणजे काय विचारलं तर सुनिल म्हणाला, मैदान. अर्धा मार्क द्यायला हरकत नाही.

'घटना' हा शब्द मात्र पोरांच्या डोक्यात शिरेना. छापा पडणं ही एक घटना, असं सांगितलं. मुलं म्हणाली, सर, घटना पेपरात येते ना, कोण मेलं का? म्हटलं, गणितातली घटना वेगळी. तिच्यात कोणी मरत नाही.

चहा: पाच. धक्क्यांमुळे मुलं घाबरलेली असतात, त्यांच्यासमोर शांतपणे चहा पिणारा कोणीतरी दिसावा लागतो.

७ डिसेंबर
दहावीतली नवशी हुशार आहे. या वर्षी आमच्या शाळेतून गणितात कोणी चमकेल तर तीच. आज म्हणाली, सर, नाण्याला दोन बाजू हायेत त्या दिसतात. जमिनीला किती बाजू?

उत्तर मला जागच्या जागी सुचलं. दोनच! हलेल किंवा हलणार नाही. छापा म्हणजे हलणार नाही, काटा म्हणजे हलेल. वर्ग एकदम गप्प. इतकं सोपं मॉडेल मोठमोठ्या शास्त्रज्ञांना कसं सुचलं नाही, देव जाणे. नवशी म्हणाली, पण सर... तेवढ्यात घंटा झाली.

तिला बक्षीस म्हणून पाच रुपयांचं कोरं नाणं दिलं. सगळ्या वर्गाला गृहपाठ: रोज संध्याकाळी घरी नाणं टाकायचं आणि सकाळी जमिनीने काय केलं ते लिहायचं.

२० डिसेंबर
आनंदाची बातमी. गणित घराघरांत पोचलं! नवशीच्या पाड्यावर पोरं संध्याकाळी नाणं टाकतात आणि छापा आला तर घरचे आत झोपतात, काटा आला तर बाहेर. मी असं काही सांगितलं नव्हतं. पण विज्ञान पसरतं ते असंच.

हेडसर म्हणाले, अहो, हे थांबवा, लोकांना सरळ बाहेर झोपा म्हणून सांगा. मी त्यांना चोवीस तासांतले एकूण सेकंद आणि धक्क्याचे सेकंद मांडून दाखवले. संभाव्यता शून्याच्या जवळ. ते म्हणाले, मागे जमिनीला दोन बाजू होत्या, तेव्हा निम्मी होती ना? अर्धवट ऐकणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यांना मत्सर वाटतो, हे उघड आहे.

३० डिसेंबर, रविवार
नवशी आणि तिचे वडील चिकू घेऊन घरी आले. वडिलांचं नाव धाकल्या. तो घोलवडला वाडीत तोडणीला जातो. ते फाटकाशी दिसताच मी खाट उचलून मोरीमागे उभी केली. पाहुणे आले की अंगण मोकळं दिसलेलं बरं. शितल हसली. तिला हसायला कारण लागत नाही.

चिकू उत्तम होते. संकल्प: उद्यापासून पहाटे फिरायला जाणे.

११ जानेवारी २०१९
फिरायला जाणं जमलं नाही. मैदानात दिवसभर उभं राहून पाय दुखतात.

मधल्या सुट्टीत धाकल्या शाळेत आला. चप्पल लांब काढून हात जोडून उभा. म्हणाला, सर, बारका पोरगा खोकून खोकून निळा पडतो. बाहेर दव पडतंय. आमच्या घरवालीला, रूपीला, आत जायचं नाय, ती म्हणते मी ताडपत्रीखालीच राहीन, नाण्याचं काय ऐकता. घरकुलाची विटांची खोली बांधलीय, ती रिकामी. तुम्ही सांगा, नाणं खरं बोलतं का?

म्हटलं, नाणं बोलत नसतं, ते फक्त पडतं. (या प्रयोगावर लेख लिहायचा आहे, हे वाक्य त्यात वापरायचं.) त्याला कळलं नाही. मग म्हटलं, नाणं अगदी निःपक्षपाती आहे, ते कोणाची बाजू घेत नाही. हे ऐकून त्याचा चेहरा मोकळा झाला. म्हणाला, तसं असंल तर रूपीला सांगतो, सरांनी सांगितलं म्हणून. आणि विटांची खोली म्हणजे पक्की ना? मी म्हटलं, काठ्या-मातीच्या कुडापेक्षा वीट पक्कीच असणार.

त्याला आणखी थोडं समजावून सांगायचं होतं, पण भजी गरम होती.

२२ जानेवारी
आदर्श पाठ! जिल्ह्याहून साहेब आले. आंब्याखाली खुर्ची, टेबल, टेबलावर फुलं. नवशीने सगळी उत्तरं खणखणीत दिली. साहेब खूश.

मध्येच एक धक्का बसला. मी झेंड्याच्या खांबापर्यंत धावलो, ते मुलांना प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी. आपण मोकळ्या मैदानातच बसलेलो असताना पळून कुठे जायचं, असं हेडसरांनी नंतर सर्वांसमक्ष विचारलं. साहेब हसले. पण ते कौतुकाचं हसणं होतं.

साहेब म्हणाले, हा प्रयोग तालुकाभर राबवू. लेखाचं शीर्षक ठरलं: 'भूकंपातून संभाव्यतेकडे'. रविवारी लिहायला घेणार.

३ फेब्रुवारी, रविवार
लेख लिहिला नाही. जमीन दोन दिवस सारखी हलते आहे. शितलने तिचीही गादी अंगणात आणली. मी विचारलं, तुला पंख्याचा त्रास कधीपासून? ती म्हणाली, मला भूकंपाची भीती वाटते, तुमच्यासारखीच.

पाड्यावर सरकारी तंबू आल्याचं कळलं. सगळ्यांना पुरले नाहीत.

१४ फेब्रुवारी
शाळेला सुट्टी दिली. काल रात्रीच्या धक्क्यात धाकल्याच्या विटांच्या खोलीची भिंत आत पडली. रूपी गेली. बारका तिच्या अंगाखाली होता, तो वाचला. नवशीच्या खांद्याला लागलंय. जुनं कुडाचं खोपटं तसंच उभं आहे.

हेडसरांनी फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवला.

१५ फेब्रुवारी
शून्याच्या जवळ म्हणजे शून्य नव्हे. हे मी वर्गात पहिल्याच तासाला सांगितलं होतं.

पाठाचं टाचण काढून पाहिलं. सांगितलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी
पेपरात आतल्या पानावर आलं. 'घटनेची माहिती मिळताच अधिकाऱ्यांनी भेट दिली.' मुलांनी कात्रण मैदानात आणलं होतं. मला पाहून घडी घातली. मी फासा शिकवला. सहाच्या सहा बाजू मोजून दाखवल्या. कोणी प्रश्न विचारला नाही.

भेटायला जायला हवं. आज शनिवार, एसटी वेळेवर नसते.

१९ फेब्रुवारी
आज सुट्टी होती. जाणार होतो. पण अशा वेळी घरात नातेवाईक असतात, आपली अडचण नको. शितल एकटीच जाऊन आली. बाळाला दूध आणि दोन स्वेटर देऊन आली. मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का? ती म्हणाली, धाकल्या म्हणत होता, त्या दिवशी छापा आला होता, सरांचं नाणं, म्हणून रूपी आत गेली. मी विचारलं, चिडून म्हणत होता का? नाही, नुसतं सांगत होता.

चिडला असता तर मला बोलता आलं असतं.

१ मार्च
दहावीची परीक्षा सुरू झाली. नवशीची जागा रिकामी. हेडसर म्हणाले, बाळाला सांभाळायला दुसरं कोण आहे? मी म्हटलं, गणिताच्या पेपरला तरी येईल, शक्यता आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता हा शब्द माझ्या तोंडून निघाला की लोक पाहतात.

मला वाईट वाटतं. ते लिहून ठेवतो, कारण हल्ली दुसरं काही खरं लिहिता येत नाही.

५ मार्च, सकाळी
उशिरापर्यंत झोपलो होतो. कोणीतरी सर, सर म्हणत होतं. डोळे उघडले तर नवशी फाटकाच्या आत उभी. कडेवर बाळ, एका खांद्याला पट्टा. बाळाला कॉटेज हॉस्पिटलात दाखवायला आणलं होतं, केसपेपरची खिडकी उघडली नव्हती, म्हणून इकडे आली.

मी मच्छरदाणीत होतो. खाट उचलायला वेळ मिळाला नाही.

तिने पाच रुपयांचं नाणं पुढे केलं. म्हणाली, सर, हे तुमचं. आमच्याकडं आता कोण टाकत नाय. मी म्हटलं, असू दे, तुझं बक्षीस आहे ते. तिने ते खाटेवर ठेवलं. मग खाटेकडे पाहिलं, गादीकडे, उशाशी ठेवलेल्या तांब्याकडे. म्हणाली, सर, तुमचा काटा आला का काल?

ती मला टोमणा मारत नव्हती. आम्हीही इथे रोज संध्याकाळी नाणं टाकतो, असंच तिला वाटत होतं.

मी हो म्हणालो. काटा आला.

ती खाली पाहत होती. खाटेच्या चार पायांखाली जमिनीत खड्डे पडलेत आणि मधलं गवत पार पिवळं झालंय. तिने विचारलं, रोज काटा, सर?

बाळ खोकायला लागलं. शितल आतून पाणी घेऊन आली. मी म्हटलं, नवशी, तुम्ही बाहेरच झोपा, काही झालं तरी बाहेरच. ती म्हणाली, हो सर, बाहेरच झोपतो. मग बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि हॉस्पिटलकडे निघून गेली.