टिंबीचे हसणे

दि. १९ जून

आदरणीय ताई,

नमस्कार. आपल्या गुडघेदुखीला आता उतार पडला असावा. माझी प्रकृती ठीक आहे. माझ्या टिंबीला कायमचे आपल्याकडे न्यावे, असे आपण गेल्या पाच महिन्यांत दोनदा लिहिलेत. मी उत्तर दिले नाही. आज देतो.

परवा टिंबी शाळेच्या पायऱ्यांवरून पडली. तिला गावच्या रुग्णालयात नेले. तेथील तातडीचा विभाग असा: मोरी तुंबलेली, बाकावर कोणाचे तरी रक्त वाळलेले, डोक्यावर गुणगुणणारी ट्यूबलाइट. उजवा हात छातीशी धरून टिंबी हसू लागली. डॉक्टरांनी मोबाइलवरून नजरही उचलली नाही.

"मजेत हसतेय की! हाड मोडल्यावर कुणी हसतं का हो? बसवा तिकडे."

मुलगी स्वमग्न आहे, असे मी सांगितले.

"मग घरी धरून ठेवायचं ना!"

ती दाराकडे धावली, तेव्हा वॉर्डबॉयने तिला बँडेजने खाटेला बांधले आणि "आता नाच!" म्हणून खिदळला. अडीच तास ती तशीच होती.

मी त्यांना अडवले नाही, हेही लिहिणे भाग आहे. ती मजेत हसते आहे, हे डॉक्टरांचे म्हणणे मला पटले होते.

पाळी बदलली. नव्या परिचारिकेने आधी ती गुणगुणणारी ट्यूबलाइट मालवली, मग बँडेज सोडले.

"दुखलं की काय करते ही?"

"कल्पना नाही. ते तिच्या आईला ठाऊक होते."

"अहो, कागदावर वय दहा लिहिलंय; एकाच घरात राहता ना?" तिने टिंबीच्या सुजलेल्या उजव्या मनगटाला अलगद बोट लावले. टिंबी खदखदून हसली. "बघा साहेब. दुखलं की हसते पोर."

एक्स-रे काढला. मनगटाजवळची दोन्ही हाडे मोडली होती.

ताई, आपल्या बहिणीला घरातून शेवटचे नेताना टिंबी अशीच हसत होती. मी सर्वांदेखत तिच्या मुस्काटात मारली. ती आणखी हसली; मी आणखी मारले. आपण मध्ये पडलात, तर आपल्याला "चालत्या व्हा" म्हणालो. त्यानंतर मी टिंबीशी धड बोललेलो नाही.

रुग्णालयाविरुद्ध तक्रार लिहिली आहे, ती पाठवणारच. परंतु त्या तक्रारीत माझे नाव कोठेच नाही, याची शिसारी येते.

आपण यावे. तिला न्यायचे की नाही, ते आपणच ठरवा. मात्र आधी चार दिवस राहून तिची भूक, तिची भीती कशी ओळखायची, ते मला शिकवा. आज सकाळपासून ती डाव्या हाताने सारे चमचे दारापर्यंत ओळीने मांडते आहे. त्याचा अर्थ विचारावा, असे घरात कोणी उरलेले नाही.

बोलावण्याचा अधिकार गमावलेला,
आपला मेहुणा