सभासद एक, सभा चालू

तीर्थस्वरूप आर्वोकाकांना,

ओनीचा वाकून नमस्कार. मी इकडे खुशाल आहे, तुमच्या गुडघ्यांची खुशाली कळावी. थंडीत डावा जास्त कुरकुरतो की उजवा, ते मागच्या पत्रात राहून गेलं. सॉनाचं छप्पर बर्फाने वाकलंय असं लिहिलं होतंत, ते काढायला स्वतः चढू नका. (चढलाच असाल तर उतरल्याचं कळवा.) मांजरीला माझी आठवण आहे असं काकू असताना लिहायच्या. आता तुम्ही लिहीत नाही, तेव्हा तिला नसावी असं धरून चालतो.

आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या हुशार मुलांच्या ज्या ओळंबा मंडळाचे तुम्ही सभासद होतात, त्याचा मी सध्या अध्यक्ष आहे. चिटणीस, खजिनदार आणि मतमोजणी अधिकारीही मीच आहे. दुसरा सभासद ऑर्व्हिल पदवी घेऊन टेक्सासला तेलाच्या विहिरींवर गेला आणि उरलो मी. भिंतीवरच्या फोटोत तुम्ही दाटीवाटीने बसलेले दिसता, एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत. खाणी चालू होत्या तेव्हा वर्गाचा गुणांनी वरचा आठवा हिस्सा म्हणजे बाकांच्या दोन रांगा भरत. यंदा तिसऱ्या वर्षाच्या वर्गात पंधरा जण आहेत. पंधराचा आठवा हिस्सा काढला तर एक पूर्णांक सात अष्टमांश माणसं पात्र ठरतात, आणि नियमात स्पष्ट लिहिलंय की अपूर्णांक वर ओढायचा नाही. त्यामुळे लोर्ना पेन्हेल पात्र ठरली आणि डेल ट्रूडो सात अष्टमांश असूनही बाहेर राहिला. (तो आता जिन्यात भेटला की टोपी काढून "काय पूर्णांक, बरं आहे ना?" म्हणतो. दिवसभरात माझ्याशी कोणी बोललं असेल तर तोच, म्हणून मीही थांबून "बरं आहे" म्हणतो.)

पण गुणांनी माणूस फक्त पात्र होतो, निवडून येतो तो चारित्र्यावर, हे तुम्हाला मी काय सांगावं. मतदाराने उमेदवाराची प्रत्यक्ष ओळख करून घ्यावी असा नियम आहे. तुमच्या वेळी चाळीस जणांत कोणी ना कोणी उमेदवाराला ओळखत असे, इथे चाळिसांचं काम माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं. मी लोर्नाला उपाहारगृहात बोलावलं. तिने बसल्या बसल्या विचारलं, "म्हणजे तू मला तपासणार?" मी म्हटलं, मंडळ तपासणार. ती म्हणाली, "मग मंडळाला सांग, पेस्टी गार होतेय, आधी खाऊन घे." तिचे आजोबा कॉर्नवॉलहून खाणीत आलेले, त्यामुळे इथली पेस्टी (तीच ती मांस-बटाट्याची मोठी करंजी) तिला अपमान वाटते. सलगम इतकं मोठं कापायचं असतं का, यावर ती पुष्कळ वेळ बोलली. मी पुन्हा बोलावलं. मग आणखी एकदा. खरं सांगतो काका, तिसऱ्या भेटीत चारित्र्य तपासायचं मी साफ विसरलो. समोर कोणी बसलं की जेवण सावकाश होतं, एवढंच लक्षात राहिलं. ऑर्व्हिल गेल्यापासून मी उभ्यानेच खात होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

गुरुवारी रीतसर सभा भरवली. कॉलेजने काटकसर म्हणून आमच्या खोलीला ऊब देणारी वाफ बंद केली आहे, म्हणून कोट, टोपी आणि तुम्ही दिलेले लोकरी हातमोजे घालून बसलो. अध्यक्ष म्हणून सभा सुरू केली, चिटणीस म्हणून हजेरी घेतली, कोणाला आक्षेप आहे का असं विचारून थोडा थांबलो. (सवयीने दाराकडेही पाहिलं.) मग ती मतपेटी घेतली. तुम्हाला आठवत असेल, बाहीतून आत हात घालायचा, न पाहता चाचपायचं, होकाराला गोल गोळी टाकायची, नकाराला चौकोनी ठोकळा. मतमोजणी अधिकाऱ्याला मतदाराचा हात दिसू नये म्हणून मी डोळेही मिटून घेतले. पेटी उघडली तर आत ठोकळा.

हातमोज्यातल्या हातमोज्यात बोटं गारठली होती, कोपरे कळलेच नाहीत. दुसरा कोणी असता तर ठोकळा गुपचूप परत ठेवून गोळी टाकली असती. पण मी ओळंब्याचा अध्यक्ष. भिंत आपणच बांधली म्हणून ओळंबा तिरका धरायचा का? मी नकार नोंदवला आणि जाऊन लोर्नाला सांगितलं. नोकऱ्यांचा असा दुष्काळ, त्यात मंडळाचं नाव अर्जावर असलं तर निदान मुलाखतीला बोलावतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक.

ती म्हणाली, "मतदार तू एकटा आणि मी पडले?"

मी म्हटलं, हो.

"मतदान गुप्त असतं ना?"

"असतं."

"मग मला कोणी पाडलं ते मला कळायला नको," म्हणाली, आणि ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेली. काका, मला फार वाईट वाटलं. समजूत घालायला मंडळात दुसरं कोणी नव्हतं.

पत्र लांबलं. प्रकृतीला जपा.

तुमचा,
ओनी

ता. क. लिहायचं मुख्य कारण असं की मी सभा अजून संपवलेली नाही. हातोडा आपटलेला नाही, जेवायला आणि झोपायला फक्त तहकूब करतो. जुना सभासद हजर असेल तर त्याला मत असतं, आणि निवडीला तीन चतुर्थांश लागतात. एका ठोकळ्याला तीन गोळ्या पुरतात. तेव्हा तुम्ही आणि फोटोत तुमच्या शेजारी बसलेले रॅग्नार आणि सिरिल, तिघे रविवारच्या बसने या. त्यांना सांगा, पत्ते इथेही खेळता येतील.

ता. क. २. पाकीट बंद करणार तोच मंडळाच्या ओहायोतल्या मुख्य कचेरीचा फोन आला, त्यांना मी निकाल कळवला होता. एकट्याने घेतलेलं मतदान मुळात धरतच नाहीत. सल्लागार प्राध्यापकांना शेजारी बसवून पुन्हा घे, म्हणाले. घेतलं, हातमोजे काढून. लोर्ना निवडून आली आणि सभासदसंख्या दुप्पट झाली. दुसरी सभासद आज सकाळीच मिनेसोटाच्या पोलाद कारखान्यात सहा महिन्यांच्या शिकाऊ उमेदवारीला गेली. बसमध्ये चढताना म्हणाली, "आता मलाही ठोकळा टाकता येतो, जपून राहा." मी हसलो, पण तोवर दार लागलं होतं.

तेव्हा तुमच्या मतांची आता गरज राहिलेली नाही. तरी या. तुमच्यासाठी खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत, त्या उचलून परत भिंतीला लावायचं माझ्याने होत नाही.