ज्ञानप्रकाशमची खोड आणि खाऱ्या पाण्याची टाकी

३ जानेवारी
वरच्या मजल्यावरच्या ज्ञानप्रकाशमने परवा नव्या वर्षाच्या कॉफीला अख्ख्या बिल्डिंगला बोलावलं. कॉफी निमित्त. दाखवायची होती समुद्री माशांची टाकी. मी काचेला बोट लावलं तर सगळ्यांसमोर म्हणाला, सौंदर सार, जरा लांबून, तुमच्याकडे तुळससुद्धा जगत नाही. सगळे हसले. कोमळवल्ली सगळ्यांत जास्त वेळ हसली. ती बायको आहे, माफ. त्याला माफी नाही. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की अख्खी बिल्डिंग माझ्या हॉलमध्ये. त्याच्याकडे दोन क्लाऊनफिश आहेत. मी सहा आणणार.

४ जानेवारी
कोळत्तूरहून टाकी, मीठ, वाळू आणली. दुकानदार इळंगो म्हणाला, मासे इतक्यात नाही. त्यांच्या घाणीचा अमोनिया होतो, तो खाणारे जंतू आधी पाण्यात वाढावे लागतात. सहा आठवडे. मी विचारलं, घाई असेल तर? म्हणाला, मग आठ.
उद्धट. ज्ञानप्रकाशमचा माणूस असावा.

७ जानेवारी
जंतूंना खाऊ म्हणून पाण्यात काहीतरी कुजवावं लागतं. एक कोळंबी पुरते म्हणे. आम्ही अय्यंगार, मासळी वर्ज्य, त्यात मार्गळीचा पवित्र महिना चालू. तोंडाला रुमाल बांधून मासळीबाजारात गेलो, एकच कोळंबी मागितली. मासळीवाली म्हणाली, काय सार, नवस का?
कोमळवल्लीला सांगितलं नाही. युद्धात सगळं सांगायचं नसतं.

१० जानेवारी, सकाळी
वास सुटला. कोमळवल्लीने विचारलं. समुद्राचा वास, म्हणालो. ती म्हणाली, माझा जन्म चेन्नईतला, मला समुद्र सांगू नका.

१२ जानेवारी
तिने चष्मा लावून टाकीत पाहिलं. कोळंबी सापडली. देव्हारा आतल्या खोलीत हलवला आणि माझी गादी हॉलमध्ये. स्वयंपाकघरात मला बंदी. हेही ज्ञानप्रकाशमच्याच खात्यावर.

१८ जानेवारी
पाणी तपासलं. तपासणीच्या औषधाचे थेंब टाकल्यावर पिवळं राहिलं तर अमोनिया शून्य, हिरवं झालं तर विष. माझं हिरवं. पण ट्यूबलाइटखाली, चष्मा काढून पाहिलं की पिवळ्याकडे झुकतं.

२४ जानेवारी
चष्मा काढून तपासलं. पिवळं. इळंगोला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, सार, वीस दिवसांत? मी म्हणालो, माझे जंतू कष्टाळू आहेत. सहा मासे आणले. उद्याचा दिवस शांत झोपेन आणि परवा त्याचं तोंड बघेन.

२५ जानेवारी
सकाळी दोन गेले. दुपारपर्यंत आणखी तीन. सहावा वर येऊन तोंड उघडत होता. मला बघवेना. कोमळवल्लीने पदर खोचला, त्याला स्टीलच्या डब्यात घेतलं आणि जिन्याकडे निघाली. वर नेऊ नकोस, मी बजावलं. म्हणाली, भांडण तुमचं आहे, त्याचं नाही.
मासा वाचला. आता ज्ञानप्रकाशमकडे तीन झाले.

२६ जानेवारी
सगळे आले. आमंत्रण रद्द करायचं राहून गेलं होतं. टाकीत काय आहे, त्यांनी विचारलं. जंतू, म्हणालो. सगळे वाकून शोधू लागले. मग हसू फुटलं. फक्त ज्ञानप्रकाशम हसला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, माझे पहिल्या खेपेला नऊ मेले होते.
हा अपमान मी विसरणार नाही.

१८ फेब्रुवारी
पिवळं. चष्मा लावून, खिडकीच्या उजेडात, तीनदा. इळंगो म्हणाला, सार, आता टाकी खरंच पिकली, जंतू पुरेसे झाले. उद्या वर जाऊन त्याला ठणकावून सांगणार. वाक्य तयार आहे. चांगलं झोंबेल.

१९ फेब्रुवारी
मी जायच्या आधी तोच खाली आला. हातात बादली, बादलीत तिन्ही मासे. बायको गेल्यापासून एकटाच असतो, आता मुलगी तिरुनेल्वेलीला घेऊन चाललीय. टाकी एवढ्या लांब नेता येत नाही. म्हणाला, बिल्डिंगमध्ये पिकलेलं पाणी तुमच्याकडेच आहे, सौंदर सार. कोमळवल्लीने माझ्याआधीच हो म्हटलं. तासभर आम्ही दोघं टाकीसमोर बसून राहिलो. त्याने डोळे पुसले. मी दुसरीकडे पाहिलं.
संध्याकाळी त्याची पेटी टॅक्सीपर्यंत नेली. वाक्य ओठांवर होतं. म्हणालो, पोचलात की फोन करा.
माशांबद्दल विचारायला. दुसरं काही नाही.