वशिंड नसलेला बैल

सर,

तुमचा बैल माझ्या लिहिण्याच्या टेबलावर बसलाय. पाय पोटाखाली घेऊन, मान वळवून, अंगावर निळी झूल. मागं जावयानं तो कुणा जाणकाराला दाखवला. त्यानं सांगितलं की हे जुनं जपानी काम आहे. तिकडे लिहिण्याच्या टेबलावर ठेवायला चिनी मातीची अशी शोभेची जनावरं करायचे. पोटात पाणी भरायचं, पाठीवरच्या भोकावर अंगठा ठेवायचा आणि अंगठा उचलला की तोंडातून शाई उगाळायच्या दगडावर थेंब पडायचे. मी जावयाला म्हणालो, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. तेव्हा मला तसं खरंच वाटत होतं.

परतूरला रविवारी तुमच्या ओसरीवर आम्ही पाचसहा पोरं ग्रेड परीक्षेची चित्रकला शिकायला यायचो. मी आमच्या बौद्ध वस्तीतून एकटाच. तुम्ही मला शाळेत हेरलं होतंत आणि वर्गासमोर म्हणाला होतात, "तुझा हात चांगला हाय, घरी येत जा." ओसरीच्या मधोमध पाण्याचं पितळी भांडं असायचं आणि सगळ्यांचे ब्रश त्यातच बुडायचे. मी पायरीजवळ बसायचो. माझ्याकडे मात्र तुम्ही स्वतः यायचात. तुमच्या वडिलांनी निजामाच्या काळात हैदराबादेत कुठल्याशा हवेलीच्या लिलावातून आणलेला हा बैल हातात घेऊन वाकायचात आणि माझ्या रंगाच्या बशीत वरून दोनचार थेंब सोडायचात. बाकीची पोरं जळायची. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी म्हणालो होतो, "सर, याला वशिंडच न्हाई." तुम्ही मोठ्यानं हसलात. "जपानचा हाय तो. तिकडं बैलाला वशिंड नसतं." तुम्हाला इतकं हसताना मी नंतर कधी बघितलं नाही.

एकदा तुम्ही आत गेला होतात. माझी बशी सुकली, म्हणून मी उठलो आणि भांड्यात ब्रश बुडवायला वाकलो. तुम्ही दारातूनच ओरडलात, "हात लावू नको! तुझं पाणी मी देतो ना?" मी इतका दचकलो की ब्रश हातातून पडला. मग तुम्ही जवळ आलात आणि आवाज खाली आणून म्हणालात, "पाणी जास्त झालं की रंग पसरतो. तुझ्या हाताला कमी पाणी पाहिजे." मी ते मनात कोरून ठेवलं. घरी जाऊन आईला सगळं सांगितलं, बैलाचं सुद्धा. ती भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "दुसऱ्या पोरांनाबी बैलातूनच देतेत का?" मी फुशारकीनं म्हणालो, "न्हाई, मलाच." तिचा हात थांबला. मग म्हणाली, "देतेत ना? मंग घे. जल्दी शिकून घे सगळं." तिला बराबर कळलं होतं. मला कळायला म्हातारपण यावं लागलं.

औरंगाबादला चित्रकला शिकायला निघालो त्या दिवशी तुम्ही हा बैल वर्तमानपत्रात गुंडाळून आणलात, ओसरीच्या कठड्यावर ठेवलात आणि म्हणालात, "उचल. आता तुझाच हाय हा." तुमच्या हाताला कंप सुटला होता, म्हणून हातात दिला नसेल, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. जालन्याच्या शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हा दरवर्षी नव्या पोरांना हा बैल दाखवून तुमची गोष्ट सांगितली. गुरू कसा असावा, तर असा. किती रंगवून सांगायचो म्हणून सांगू!

तुमच्यानंतर गेल्या महिन्यात काकूही गेल्या. भेटायला म्हणून परतूरला गेलो आणि तुमच्या लेकीला बरं वाटावं म्हणून बैल सोबत नेला. तिनं तो बघितला आणि रडता रडता हसली. "अगंबाई, हा तुमच्याकडं आहे व्हय? मला वाटलं आईनं फोडला. तुम्हाला पाणी द्यायला दादांनी टेबलावरून काढला ना, तेव्हापासून आई त्याला घरात येऊ द्यायची न्हाई. बाहेर चपलांजवळच्या कोनाड्यात राहायचा बिचारा. आईचं सोवळं म्हणजे बिलकुल काही विचारू नका." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिनं मला चहा दिला, घरातल्याच कपात. मी तो प्यायलो, आणि घसा जळाला तरी कप खाली ठेवला नाही.

काकूंवर ढकलणं सोपं आहे. वाटभर मी तेच करत आलो. काकू कडक होत्या, तुम्ही घरात बोलू शकत नव्हता, तरी मला बोलावलंत, शिकवलंत, एवढंही त्या काळात कोण करत होतं? पण सर, बैलाच्या पाठीवरचा अंगठा काकूंचा नव्हता. कमी पाण्याचं ते शहाणपण तुम्हाला दारात उभ्या उभ्या सुचलं, आणि मी त्यावर माझा हात घडवला. प्रदर्शनात लोक माझ्या चित्रांपुढे उभे राहून म्हणायचे, काय संयम आहे पाण्यावर! तो संयम नव्हता. तुमच्या भांड्याला शिवू नये म्हणून मला मिळालेलं पाणीच तेवढं होतं. मला तुमचा राग येतो. तुम्ही सरळ हाकलून दिलं असतंत तर तुम्हाला विसरून तरी गेलो असतो. विचारायला तुम्हीही नाही आणि आईही नाही.

परवा हा बैल फोडायला उचलला. फरशीवर आपटणार, तर अंगठा आपोआप पाठीवरच्या भोकावर जाऊन बसला. तसाच उभा राहिलो आणि मग खाली ठेवला.

आता हे लिहितोय आणि शेजारी नात चित्र काढत बसली आहे. तिच्यापुढे मी पाण्यानं काठोकाठ भरलेलं भांडं मुद्दाम ठेवलंय. हवं तितकं घे, म्हणालो. तिनं घेतलं. तिचं आभाळ झाडात उतरलंय, झाड रस्त्यावर सांडलंय, कागद फुगून वर आलाय आणि ती खूश आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, बैलाखाली दाबून ठेवीन. पण एक कबूल करतो, सर. तिचं ते चित्र मला बघवत नाही. पाणी कमी घे, हे तुमचे शब्द मघापासून तीनदा माझ्या ओठांवर आले. तीनदा गिळले.