परवा वारलेल्या जैनूस

अब्बासिया, कुवेत
सोमवार

प्रिय बालमित्र जैनुद्दीन यास मुस्तफाचा सलाम. इकडे मी बरा आहे. तुझी तब्येत कशी, हे विचारायचा रिवाज आहे, पण या खेपेस हात अडखळतो. कारण इथे अख्ख्या अब्बासियात तू परवा वारलास. घाबरू नकोस, सगळं सांगतो. पत्र तुझ्या साबीरच्याच हाती देतोय.

तर झालं असं. निवडणूक आली आणि माझ्या अंगात आलं. इथून मत देता येत नाही. पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावर स्वतः उभं राहावं लागतं, हे ठाऊक असूनही मी पुतण्याच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला मताचं महत्त्व सांगू लागलो. (पुतण्या झैद म्हणाला, ‘चाचा, आधी त्याला कांदे तरी घेऊ द्या.’) मागल्या जुम्याला नमाजानंतर आपल्या खाडीकाठची पोरं खोलीवर जेवायला जमली, तेव्हा उभा राहून मी स्वतःची रचना चालीवर म्हटली:

ऊठ बंधो, हाक आली, मायभूमी बोलवी,
शाइ बोटाला जयाच्या, भाग्य त्याला पालवी.

आपल्या गुरुजींनी ऐकली असती तर पाठ थोपटली असती. इथे कोणी मान वर केली नाही. एक म्हणाला, तिकिटाचे दर बघितलेत का. दुसरा म्हणाला, त्याला तीन वर्षांत आईचं तोंड दिसलं नाही आणि मी त्याला उमेदवाराचं दाखवतोय. फक्त तुझ्या साबीरच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, एका तरी काळजापर्यंत कविता पोचली.

दुसऱ्या दिवशी शुवैखच्या गोदामात जाऊन त्याने मतदानासाठी रजा मागितली. साहेब पोट धरून हसला. म्हणाला, तातडीची रजा आईबाप मेले तरच. कोण मेलंय? साबीर म्हणाला, ‘वडील.’

रजा मिळाली, पण बातमी त्याच्याआधी खोलीवर पोचली. संध्याकाळी माणसं जमली, कोणी खजूर आणले, कोणी चहाची किटली. साबीर मधोमध बसून खरंखुरं रडत होता. मी तुझ्यावर बोलायला उभा राहिलो तो थांबेचना. भरतीत पोहत खाडी ओलांडणारा तू, काजू चोरून मार खाताना माझं नाव न सांगणारा तू, अख्खं पुस्तक पाठ म्हणणारा तू. (जैनू, जिवंत माणसाला एवढं चांगलं कोणी म्हणत नाही. संधी साधून घे.) मग साबीरने मला मोरीत नेलं आणि पुटपुटला, ‘चाचा, अब्बा जिते आहेत. तुमच्या कवितेवर रजा मिळत नव्हती.’

बाहेर येऊन मी उरलेलं भाषण पुरं केलं. काय करणार?

भाभींना सलाम. डायलिसिस चुकवू नकोस.

तुझा,
मुस्तफा

ता. क. कुवेतच्या नंबरावरून फोन आला तर तू उचलू नकोस. बोटाची शाई दाखवायला फोटो पाठवाल, त्यात बोट साबीरचंच असू दे. मेलेल्यांनी मत देणं आपल्याकडे नवीन नाही, पण कंपनीला ते कळायला नको.

आणखी एक ता. क. बापाच्या मरणाची रजा कंपनी एकदाच देते. मी साबीरला विचारलं, उद्या खरंच काही झालं तर? तो बॅग भरत होता. म्हणाला, ‘तेव्हा नुसती माती द्यायला येण्यापेक्षा आत्ता येऊन बोलतो.’ मताचं त्याने नावही घेतलं नाही. त्या जुम्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते कवितेने नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून सांगतो, तो आपणहून केंद्रावर जायचा नाही, तुझ्या खाटेजवळून हलायचाच नाही. तूच त्याला ने. त्याच्या खांद्यावर हात टाकून हळूहळू जा. केंद्र आपल्याच शाळेत, आपल्याच वर्गात आहे. दम लागला तर खिडकीखाली बस. ती जागा माझी.